सतरा नंबरचा नऊ

मथुराबाईनं "शून्य" म्हटलं आणि व्यायाम शिकवणाऱ्या प्राचीचा पेन कागदाला टेकता टेकता थांबला.

"काकू, जिवाला कसं वाटतं ते विचारलं मी. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. दहा म्हणजे एकदम छान. उलटं तर नाही ना समजलात?"

"नाही समजली बाई उलटं. शून्यच लिही."

"अहो, पण आत्ताच सहा मिनिटांत तीनशे दहा मीटर चाललात तुम्ही. पहिल्या दिवशी एकशे ऐंशी होते. आज मध्ये टेकलात पण नाही कुठे."

"पाय चालले. तू पायाले विचारून राहिली काय? मले विचारून राहिली ना?"

प्राचीनं मान खाली घातली आणि शून्य लिहिलं. लिहावंच लागलं. पेशंट जो आकडा सांगेल तोच कागदावर चढवायचा, त्यात कोणी दुसऱ्यानं जीभ घालायची नाही, असा दवाखान्यातल्या त्या अभ्यासाचा नियम होता. मथुराबाईला तो नियम तोंडपाठ होता. आपलं माणूस देऊन शिकलेला नियम कोण विसरतं?

दोन वर्षांमागे तिचा धनी केवलराम असाच एका अभ्यासात होता. बत्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात नोकरी, जोडीला बिडी. निवृत्तीचा हार सुकला नाही तोच छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टर प्रशांतनं त्याला तोंडानं श्वासात ओढायचं नवं औषध दिलं. चाळीस जणांवर त्या औषधाचा अभ्यास होता आणि केवलरामचा नंबर सतरा. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः फोन करायचा. "काका, कसं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा."

केवलराम म्हणायचा, "बरं आहे जी. नऊ लिवा."

भंडाऱ्याकडून प्लांटासाठी या हिंदी मुलखात आलेल्या त्यांच्या माणसांची रीतच ती. दारात आलेल्यानं "कसं आहे?" विचारलं की "बरं आहे" म्हणायचं. घरात ताप असो, चूल थंड असो, आधी बरं म्हणायचं, पाणी द्यायचं, आणि मग पाव्हण्यानं खोदून खोदून विचारलं तर हळूच खरं काढायचं. एकदा विचारून जो गप्प बसला, त्याला खरं ऐकायचंच नव्हतं असं समजायचं.

आणि केवलरामच्या डोक्यात तर आणखी भलतंच बसलं होतं. डॉक्टर प्रशांत म्हणजे सेक्टर दहाच्या, प्लांटातल्या अरुणकुमार साहेबाचा पोरगा. त्या साहेबानं केवलरामची माय मेली तेव्हा न विचारता आठ दिवसांची सुट्टी लावून दिली होती. केवलरामला वाटायचं, हे आकडे म्हणजे पोराला द्यायचे मार्क.

"कावून खोटं बोलता?" मथुराबाई चिडायची. "पाच पायऱ्या चढाले तीनदा बसता तुमी."

"अवं, साहेबाचा पोरगा हाय तो. आपल्याकडला. कमी आकडा सांगून त्याचं काम बिघडवू काय? परीक्षाच हाय ना त्याची."

फोन वाजला की तो घाईघाईनं तिचा पदर मागायचा, त्यात तोंड घालून सगळा खोकला एकदाचा खोकून घ्यायचा, आणि मग फोन कानाला लावायचा. एकदा तिनं फोन हिसकला. म्हणाली, "डाक्टर साहेब, हे खोटं सांगून राहिले. जेवण नाही, झोप नाही, नखं निळी पडून राहिली."

पलीकडून सावकाश, शिकलेला आवाज आला. "काकू, पेशंटलाच बोलू द्या. नियम आहे. काका, तुम्ही सांगा."

"नऊ," केवलराम म्हणाला.

मथुराबाई तशीच स्वयंपाकघरात गेली आणि सुनेला म्हणाली, "हर्षा, तो ऐकत नाही तं तू लिही." हर्षा अंगणवाडीत शिकवायची, वही तिच्याजवळ पडलेलीच असायची. त्या दिवसापासून रोज सकाळी मथुराबाई कणीक मळता मळता एक ओवी म्हणायची आणि हर्षा उतरून घ्यायची. पहिली ओवी अशी होती:

*पाच पायऱ्या दाराच्या, धनी बसे तीन बार,*
*भाकर हाय कोरभर, तिचा बी होते भार.*

अशा एकशे अकरा ओव्या झाल्या. शेवटचा फोन आला तो बुधवारी. नऊ. शनिवारी केवलराम गेला.

तेव्हा मथुराबाई रडली, ऊर बडवला, आणि गप्प झाली. माणूस आजारी होता, गेला. देवाशी कोणी भांडत नाही. भांडण पेटलं ते पुढच्या वर्षी, मराठी समाजाच्या हॉलात. डॉक्टर प्रशांतचा सत्कार होता. त्याचा अभ्यास बाहेरदेशीच्या मोठ्या मासिकात छापून आला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग पडद्यावर रेघा उमटल्या. डॉक्टर म्हणाला, "औषधानं आयुष्य किती वाढलं हे नंतर बघू, पण जगणं सुखाचं झालं. आमचे एक पेशंट, सतरा नंबर, कॅम्प एक वस्तीतले आपलेच काका. जायच्या तीन दिवस आधीसुद्धा त्यांनी मला नऊ सांगितले. नऊ."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत मथुराबाईच्या मांडीवर समोस्याची प्लेट होती. तिनं ती खुर्चीखाली ठेवली. शेजारची म्हणाली, "तुमच्याच घरचं सांगून राहिले ना जी? किती मान देल्ला." मथुराबाई हसली. सिगडीतला कोळसा वरून काळाच दिसतो. हात लावल्याशिवाय कळत नाही.

सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यात नवा अभ्यास निघाला. औषधाऐवजी व्यायाम. श्वास अडणाऱ्या अठ्ठावीस जणांना आठवड्यातून तीनदा बोलवायचं, चालायला लावायचं, ओठांचा चंबू करून फुंकर सोडायला शिकवायचं, आणि दर पंधरा दिवसांनी जिवाला कसं वाटतं त्याचा आकडा घ्यायचा. चाळीस वर्षं सिगडीच्या धुरात बसून मथुराबाईची छातीही आता जुन्या दारासारखी कुरकुरत होती. तिनं नाव घातलं. हर्षाला नवल वाटलं, आणि नवल वाटलं की ती इथल्या हिंदीत घसरायची. "आई, उसी डॉक्टर के पास?"

"त्याच्याचपाशी."

पहिल्या दिवशी व्यायाम शिकवणारी प्राची संमतीचा कागद वाचून दाखवत होती. "आकडा लागोपाठ दोनदा चारच्या खाली आला, तर डॉक्टर स्वतः पेशंटला तपासतील, उपचार बदलतील. पेशंट येऊ शकत नसेल तर घरी जाऊन तपासतील."

मथुराबाईनं तिचा हात धरला. "हे मागच्या बारीले बी होतं? औषधाच्या अभ्यासात?"

"हो काकू, हाच नियम. का?"

"काही नाही. वाच तू."

म्हणजे केवलरामनं दोनदा, फक्त दोनदा, तीन म्हटलं असतं तर डॉक्टर पाच पायऱ्या चढून घरात आला असता. आणि तिनं तर फोनवर ओरडून सांगितलं होतं. कागदावर अंगठा उठवता उठवताच मथुराबाईनं ठरवून टाकलं. ज्या आकड्यानं डॉक्टर आला नाही, त्याच आकड्यानं त्याला आणायचा.

एकटीच्या शून्यानं डॉक्टर येऊन छाती ऐकून गेला असता, त्याच्या अभ्यासाचं काय बिघडणार? अठ्ठावीस जणांच्या हंड्यात ते विरघळून गेलं असतं. पण वाट प्राचीनंच दाखवली. लांब श्वास सोडताना लोक आकडे मोजायला कंटाळायचे, तर ती म्हणाली, "काकू, तुम्ही गाणं म्हणता ना? एक ओळ एका श्वासात. सगळे म्हणतील पाठोपाठ." झालं. मथुराबाई सुरुवातीला अर्ध्या ओळीत अडखळायची. महिन्याभरात ओळ पुरी होऊ लागली. आणि मग एका सोमवारी तिनं नवीच ओवी लावली:

*सई विचारे सईले, कसं वाटते जिवाले,*
*शून्य सांग वं बाई, आल्या गेल्या पाव्हण्याले.*

सगळे हसले. प्राचीही हसली, तिला वाटलं गंमत आहे. पण बाहेरच्या बाकड्यावर चपला घालताना मथुराबाईनं अर्थ लावून दिला. सतरा नंबर कोण होता, नऊ कसा झाला, पदरात खोकला कसा दडवला, सगळं सांगितलं. बायांनी डोळे पुसले. एकीनं डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शालिकराम तेवढा मान खाली घालून बसला. क्रेन चालवायचा तो, केवलरामच्याच शिफ्टमधला.

"वहिनी," तो म्हणाला, "मले तं खरंच बरं वाटून राहिलं जी. मागच्या हप्त्यात पोत्यातले तांदूळ उचलले म्या."

"मग सांगा दहा. मी कोन अडवणारी?"

"तसं नाही. पण हे आकडे चांगले आले तं चरोद्याले बी अशीच खोली उघडनार म्हन्ते. तिथं माहा साळा आहे, रेल्वेतला. त्याचा दम तं माह्याहून वाईट."

हे मथुराबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. मग म्हणाली, "भाऊजी, तुमचा डबा कोन खात होता शिफ्टमधी?"

"केवलराम."

"आनं त्याचा?"

"म्या."

"मग तेवढंच. एक महिना. माहं काम झालं की म्याच सांगीन, आता खरं बोला."

शालिकरामनं बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपला. "एकच महिना हं," म्हणाला. "खोटं बोलाची मले सवय नाही. रिटायर झालो तवापासून तं अजिबातच."

पहिल्या पंधरवड्यात सतरा शून्यं पडली. दुसऱ्यात तेवीस. प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं. पाय सांगत होते की माणसं सुधारली, छातीचा दम मोजणारं फुंकायचं यंत्र सांगत होतं सुधारली, आणि तोंडं सांगत होती की मेलो. डॉक्टर एकेकाला बोलावून तपासू लागला. सगळे छान. मग आकडा का असा? "असंच वाटते जी," एवढंच उत्तर. मथुराबाईला बोलावणं आलं.

"मी येत नाही," ती फोनवर म्हणाली.

"काकू, नियम आहे," प्राची रडकुंडीला आली.

"नियमच सांगून राहिली मी. कागदात लिवलं हाय ना, पेशंट येऊ शकत नसंल तं डाक्टर घरी येईल?"

मंगळवारी दुपारी तो आला. पाच पायऱ्या चढून आत आला, केवलरामच्याच खुर्चीवर बसला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. हर्षा पाण्याला उठली तशी मथुराबाई म्हणाली, "बस तू." हर्षा चमकली. या घरात पाण्याआधी कोणाशी दोन शब्द झाले नव्हते.

डॉक्टरनं छाती ऐकली, पाठ ऐकली. "काकू, छाती बरीच मोकळी झाली आहे. मग शून्य का?"

"ते राहू द्या. तुमी कसे आहा साहेब?"

"बरं आहे, काकू."

मथुराबाईनं मान वळवली. "हर्षा, लिही. डाक्टर साहेब, नऊ."

हर्षानं खरंच लिहिलं. डॉक्टरनं तिच्या पेनाकडं पाहिलं, मग मथुराबाईकडं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"खोटं आहे ना ते?" मथुराबाई म्हणाली. "अभ्यास बुडून राहिला, झोप उडाली, आनं तोंडातून काय निंगालं? बरं आहे. कावून? तं तू आपल्यातला. दुसऱ्या मुलखाचा डाक्टर असता तं म्या माफ केलं असतं. म्हटलं असतं, त्याले का माहीत आपली रीत. पन तुह्या घरात बी हेच बोलतात. तुही माय बी हेच बोलते. तुले माहीत होतं 'बरं' म्हंजे काय. तरी तू नऊ लिवला. आनं मी वरडत होती तं मले गप केलं."

"काकू, पेशंटच्या आकड्यात घरच्यांनी ढवळाढवळ करू नये म्हणून तो नियम असतो. सासू-सुना, मुलं, आपापलं घुसवतात…"

"आकड्यात नको घालू. शेजारी लिवता आलं असतं. कागदाले जागा नव्हती काय?"

मथुराबाईनं ट्रंकेवरची वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"वाच. मोठ्यानं."

"मी घेऊन जातो, नीट…"

"घेऊन नाही जायची. इथं. माह्यासमोर. सगळ्या."

त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या दहा-वीस त्यानं इस्पितळातल्या रिपोर्टासारख्या वाचल्या. मग आवाज बसू लागला. हर्षाचं अक्षर मोठं आणि गोल, अंगणवाडीतलं, त्यात काही लपत नव्हतं. कोणत्या दिवशी धनी आंघोळीला बसून राहिला. कोणत्या दिवशी त्यानं ताटातला भात अर्ध्यावर ठेवून श्वास घेतला. कोणत्या दिवशी नखं जांभळासारखी दिसली. जिथं जिथं फोनचा दिवस होता तिथं हर्षानं कोपऱ्यात लहानसा नऊ लिहून ठेवला होता. त्रेसष्टाव्या ओवीशी तो थांबला.

*फोन वाजे टिरटिर, धनी पदर मागते,*
*माझ्या पदरात तोंड, खोकला तो झाकते.*

"पाणी मिळेल का?" त्यानं विचारलं.

"अजून अठ्ठेचाळीस हायेत."

त्यानं वाचल्या. ओठ कोरडे पडत होते, ओळ दोन ठिकाणी तुटत होती, मधेच दम घ्यावा लागत होता. मथुराबाई त्याच्या तुटणाऱ्या ओळी मोजत बसली होती. तिला तेच ऐकायचं होतं. एकशे अकरा झाल्या तेव्हा दारातलं ऊन पहिल्या पायरीवरून तिसरीवर उतरलं होतं.

"आता लिही," ती म्हणाली. "जिथं तुहा नऊ छापला तिथं."

त्यानं पिशवीतून दवाखान्याच्या नावाचा कागद काढला. लिहिलं. हर्षानं वाचून दाखवलं. "सतरा क्रमांकाच्या पेशंटच्या काही नोंदी राहून गेल्या असाव्यात…"

"खोड ते," मथुराबाई म्हणाली. "राहून गेल्या नाही. कोनी राहू देल्ल्या ते लिही."

दुसरा कागद. तोही पसंत पडला नाही. तिसऱ्यात त्यानं लिहिलं, आणि या वेळी हर्षाचा आवाज वाचता वाचता खाली आला. "सतरा क्रमांकाच्या पेशंटचे आकडे खरे धरू नयेत. त्याच्या पत्नीनं मला फोनवर त्याची खरी स्थिती सांगितली होती. मी ती नोंदवली नाही. नोंदवली असती तर त्याला तपासणं मला नियमानंच भाग होतं. तपासून तो वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. तपासलं गेलं नाही, ते माझ्यामुळे."

"काकू, हे गेलं की माझं पुढचं सगळं थांबेल," प्रशांत म्हणाला. विनवणी नव्हती ती, नुसतंच सांगणं होतं.

"थांबू दे. त्याचं बी थांबलं."

त्यानं खाली तेच इंग्रजीत उतरवलं आणि सही केली. त्याच कागदाचा फोटो हर्षाच्या फोनमध्ये घेतला गेला, आणि तिच्यादेखत तो मासिकाच्या पत्त्यावर पाठवला गेला. उठता उठता तो म्हणाला, "बाकीच्या लोकांचे आकडे…"

"बुधवारी परत विचार. घरचं माणूस शेजारी बसवून विचार. खरं सांगतील. चरोद्याची खोली अडनार नाही माह्यामुळे."

"आणि तुमचा?"

"माहा शून्य."

"पण काकू, तुम्ही खरंच…"

"पेशंटलेच बोलू द्या, डाक्टर साहेब," मथुराबाई म्हणाली. "नियम आहे."

तो गेला, पाण्याशिवाय. पायऱ्यांवर त्याच्या चपला दोनदा थांबल्या. हर्षा माठाशी उभी होती, भरलेला गिलास हातात तसाच. सासूकडं बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

"आई, प्यासा भेज दिया. अपने घर से."

"हाव."

मथुराबाई परातीशी बसली. पीठ ओढलं, पाणी घातलं, आणि सवयीनं पहिली ओवी लावली, पाच पायऱ्यांची. ओळ कुठं अडली नाही. भाकरीचा भारही त्याच श्वासात उतरला. हर्षा वही शोधू लागली तशी ती म्हणाली, "नको लिवू. झाली ते वही."

हर्षानं गिलासातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग जवळ येऊन बसली.

"आई, एक पूछूँ? तुमचा खरा किती?"

मथुराबाईनं कणकेला मूठ मारली, उलटवली, परत मारली.

"आठ," ती म्हणाली. "आनं त्याले कधी सांगशीन तं याद राख."